औंधचं भवानी संग्रहालय: आईला घेऊन जायचंय, एका दिवसात जमेल का?

कळशी
मंडळी, आधीच सांगते, पुण्यातलं औंध नव्हे. खटाव तालुक्यातलं, सातारा जिल्ह्यातलं, यमाईचं औंध. परवा नवऱ्यानं नकाशात नुसतं 'औंध' टाकलं आणि "वीस मिनिटांत पोचू की, एवढं कसलं नियोजन करतेस?" असं विचारलं. त्यामुळे हा खुलासा.

तर झालंय असं. आई ७४ वर्षांची. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, आटपाडीकडचे. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. शिकायला म्हणून त्यांना लहानपणीच औंधला ठेवलं होतं. त्यांच्या तोंडून आईनं दोन गोष्टी शंभर वेळा ऐकल्यात. एक म्हणजे शाळेत पहाटे घालायला लावलेले सूर्यनमस्कार. दुसरी म्हणजे राजाच्या नव्या म्युझियममध्ये हस्तिदंताची नक्षी बघताना काचेला नाक लावलं म्हणून रखवालदारानं पिरगळलेला कान. आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात आई अचानक म्हणाली, "मला ती काच बघायचीय."

माझा बेत: शनिवारी सकाळी सातला पुणे सोडायचं, सज्जनगड, मग औंध, तिथून गोंदवले, रात्री परत. सोबत मुलगी ११, मुलगा ६. आईचे गुडघे कुरकुरतात पण चालते. जमेल ना?

माणदेशी गडी
ताई, एवढा दौरा तर पालकमंत्र्यांचाबी नसतो.

रस्ता सांगतो. पुणे ते सातारा ११० किमी, ते तुम्हाला माहीतच आहे. साताऱ्यातून रहिमतपूर, तिथून औंध. साताऱ्यापासून ४०-४५ किमी धरा. हायवे सोडला की रस्ता आपला साधा, मधी मधी गावं, ऊस भरलेले ट्रॅक्टर. तेव्हा किलोमीटरवरनं वेळ काढू नका. पुण्यातनं साडेतीन तास सरळ धरा, चहा वेगळा.

संग्रहालय गावात नाही, यमाईच्या डोंगराच्या उतारावर आहे. वर मूळपीठ म्हंजे देवीचं देऊळ, खाली गाव, मधी हे. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळं आईंना पायऱ्या चढायचं काम नाही. पायऱ्याबी आहेत, पण त्या नवसाच्या माणसांनी चढाव्या.

सोमवारी बंद असतं. निघायच्या आदल्या दिवशी फोन लावून विचारा. सणावाराच्या सुट्ट्या असतात, उगीच तीन तास जाऊन कुलूप बघायला नको. आणि पौषात यात्रेला जाऊ नका. म्हणजे यात्रेला जा की, पण म्युझियम बघायला जाऊ नका. त्या दिवसात गाडी लावायला जागा मिळत नाही.

निवांत
सज्जनगड काढून टाका. गाडीतळापासून वर पायऱ्या आहेतच, आईंचे गुडघे तिथंच संपतील. मग औंधला पोचल्यावर त्या गाडीतच बसून राहतील आणि तुम्ही काच बघून याल.

गोंदवलेही काढा. तिथं जायचं तर प्रसादाला थांबायचं, निवांत बसायचं. धावतपळत दर्शन घेऊन यायची ती जागा नव्हे. एका दिवसात एकच ठिकाण. फार तर वाटेतलं एखादं.

कळशी
@निवांत, सज्जनगड नवऱ्याचा हट्ट होता. त्याला हा प्रतिसाद वाचायला दिला, गप्प बसला. धन्यवाद.

@माणदेशी गडी, फोन करते. आत किती वेळ लागतो? आणि नेमकं काय काय आहे? आईला हस्तिदंत सोडून दुसरं काही ठाऊक नाही. मलाही रविवर्म्याची चित्रं आहेत एवढंच.

रेघोट्या
अरे, हा धागा माझ्या नजरेतून सुटला कसा! कॉलेजात असताना आमचे सर आम्हाला तिथं घेऊन गेले होते. त्यानंतर मी तीनदा गेले, दर वेळी वेगळं काहीतरी बघून आले. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

संग्रहालय १९३८ सालचं. ते उभारलं भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. हा माणूस नीट समजला की आतलं अर्धं म्युझियम आपोआप समजतं. जन्म १८६८, डेक्कन कॉलेजातून बी.ए., १९०९ मध्ये गादीवर. राजे लोक शिकारीचे फोटो काढून घ्यायचे त्या काळात हे स्वतः ब्रश घेऊन बसायचे. रामायण चितारलं. अजिंठ्याला चित्रकार घेऊन गेले आणि पुढं अजिंठ्यावर पुस्तक काढलं, वेरुळवरही काढलं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यांना ते महाभारत सचित्र हवं होतं! वर कीर्तनही करायचे.

तर असल्या माणसानं हयातभर जे आवडलं ते जमवलं, ते हे. म्हणून आत एकाच प्रकारचा माल नाही. रविवर्मा आहे, चित्रकार म. वि. धुरंधर आहेत, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आहेत. पहाडी लघुचित्रं आहेत. चंदनात आणि हस्तिदंतात कोरलेली कामं आहेत. युरोपातनं आलेलं बरंच आहे. आणि या सगळ्यात हेन्री मूर आहे. होय, तोच, जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार. त्याचं 'मदर अँड चाइल्ड' हे दगडी शिल्प खटाव तालुक्यात आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सर थट्टा करतायत.

आता बघायचं कसं ते. कृपा करून पहिल्या दालनापासून शेवटच्या दालनापर्यंत सगळं बघायला जाऊ नका. तासाभरात डोळे विटतात, मग समोर मूर असो की मोरपीस, सारखंच. आधी एक फेरी न थांबता मारा. सरळ चालत जा. कुठं मान आपोआप वळते तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत फक्त तिथंच थांबा.

रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पुढं जायच्या आधी मुलांना विराटपर्व सांगून ठेवा. अज्ञातवासात दासी झालेली द्रौपदी, राणी सुदेष्णा तिला आपल्या भावाच्या, कीचकाच्या महाली पाठवते, का पाठवते ते दोघींनाही माहीत असतं. गोष्ट माहीत नसेल तर ती नुसती नटवलेली बाई दिसते. माहीत असेल तर पाय हलत नाहीत.

मूरपुढं मात्र काहीच सांगू नका. बघू दे पोरांना. नाकडोळ्यांचा पत्ता नाही पण आई कोण आणि लेकरू कोण हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. कसं कळतं, तेवढं विचारा त्याला.

वेळ: घाईत दीड तास, नीट बघायचं तर तीन. मधे बाहेर येऊन बसा, पाणी प्या, परत आत जा.

माणदेशी गडी
वा! आमच्या गावाशेजारचं असून एवढं आम्हालाच माहीत नव्हतं. शाळेच्या सहलीत दोनदा गेलोय. दोन्ही वेळी रांगेत पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेलो आणि तसाच बाहेर आलो. पुढच्याची पाठ चांगली बघितली.

उंटावरचा शहाणा
सगळं ठीक, पण एक विचारतो, चिडू नका. हे एका संस्थानिकाच्या हौसेचं कपाट. रयतेच्या पैशातनं जमवलेलं. आता आपण तिथं जाऊन 'काय रसिक राजा होता' म्हणत माना डोलवायच्या? दुष्काळी मुलूख तो. हेन्री मूरच्या किमतीत किती विहिरी झाल्या असत्या?

पाटीपेन्सिल
प्रश्न रास्त आहे. मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, हाच प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा आणि मला आवडायचा.

एक लक्षात घ्या, औंध हे काही बडोदा किंवा ग्वाल्हेर नव्हे. सगळी मिळून ७२ गावं, तीही सलग नाहीत. औंध इकडं, आटपाडी तिकडं, कुंडल तिसरीकडं, आणि एक तुकडा थेट विजापूरकडं. उत्पन्न बेताचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून हलायची वेळ आली तेव्हा कुंडलजवळची माळजमीन बाळासाहेबांनीच दिली, १९१० साली किर्लोस्करवाडी तिथं वसली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांचं स्वाध्याय मंडळ १९४८ पर्यंत औंधलाच होतं.

आणि मुख्य म्हणजे ज्या १९३८ सालात हे संग्रहालय उभं राहिलं, त्याच सुमाराला या राजानं राज्य सोडायची तयारी चालवली होती. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी खटपट केली, गांधीजींचा सल्ला घेतला आणि १९३९ मध्ये औंधच्या रयतेला स्वराज्याची घटना मिळाली. गावाची पंचायत हा तिचा पाया. इंग्रज अजून जायचे होते, हे ध्यानात घ्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं ते त्याच काळात. कैद्यांना भिंतीविना ठेवायची वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामांचा चित्रपट त्यावरनं सुचलेला, आणि त्याची कथा गदिमांची, जे स्वतः त्याच भागातले.

तेव्हा माना डोलवू नका, पण कपाट म्हणून सोडूनही देऊ नका. ज्या माणसानं सत्ता सोडली, त्यानं काय ठेवलं हे बघायला जावं असं मला वाटतं.

उंटावरचा शहाणा
गुरुजी, घटनेचं मला खरंच माहीत नव्हतं. मान्य. पण विहिरींचा प्रश्न मी मागे घेत नाही.

पाटीपेन्सिल
घेऊ नका. तो घेऊनच आत जा.

निवांत
धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत मूळ मुद्द्याकडं: विहिरींवरनं आठवलं. कळशीताई, साताऱ्याच्या अलीकडं लिंब फाट्याला वळा. लिंब-शेरेवाडीची बारा मोटेची विहीर बघा. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली. वरून शिवलिंगासारखा आकार, ११० फूट खोल, ५० फूट व्यास. एका वेळी बारा मोटा चालायच्या. आणि विहिरीच्या पोटात चक्क छोटा महाल! मुलांना म्युझियमच्या आधी हे दाखवलं तर दिवसाची सुरुवात भारी होईल. आईंना पायऱ्या उतरायची गरज नाही, वरनंही छान दिसते. फक्त मुलाचा हात सोडू नका.

उंटावरचा शहाणा
बघा, विहीर निघालीच शेवटी.

कळशी
हसून हसून पुरेवाट. आईला सगळा धागा वाचून दाखवला. 'राजपुत्र' शब्दावर तिनं "अप्पासाहेब!" म्हणून मान हलवली, जणू शेजारचे.

आता खरी काळजी मुलांची. मुलगी बघेल, तिला चित्रांची आवड आहे. धाकट्याला दुसऱ्या मिनिटाला भूक लागते आणि चौथ्या मिनिटाला शू. काय करू?

दोन वांडांची माय
अनुभवाचे बोल: आत जायच्या आधी पोट भरलेलं आणि दुसरं रिकामं. हा पहिला नियम.

दुसरा: त्याला 'बघ' म्हणू नका, 'शोध' म्हणा. आम्ही एक छोटी वही आणि शिसपेन्सिल देतो. पेन नाही, शाई सांडली तर आपली अब्रू जाते. कामं साधी: सगळ्यात लहान हत्ती शोध. चिडलेला चेहरा शोध. अनवाणी माणसं मोज. सापडलं की वहीत वेडंवाकडं काढायचं. मोठीला वेगळं काम, फक्त हात काढायचे. चित्रांतल्या बायकांचे हात. रविवर्म्यात एक हात काढायला अर्धा तास सहज जातो.

तिसरा: मुलगा कंटाळला की भांडू नका. दोघांपैकी एकानं त्याला घेऊन बाहेर डोंगरावर हिंडायचं, दुसऱ्यानं आईंसोबत थांबायचं. आळीपाळीनं.

फोटोचं आधी विचारून घ्या. काढू देतील असं धरून जाऊ नका.

रेघोट्या
+१. आणि आईंसाठी घडीचं हलकं स्टूल गाडीत टाका. आत नेता येईल का ते तिथल्या माणसांना विचारा. म्हाताऱ्या माणसांना चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जड जातं. म्युझियममध्ये नेमकं तेच करावं लागतं.

माणदेशी गडी
जेवणाचं सांगायचं राहिलं. औंधला चहा-वडा मिळतो, गावात जेवणही मिळेल, पण वेळ वाचवायचा तर डबा न्या. धपाटी, शेंगदाण्याची चटणी, दही. उन्हाळ्यात येऊ नका, आमच्याकडं एप्रिल-मे म्हणजे तवा. दिवाळीनंतर हवा झ्याक.

यष्टीनं येणाऱ्यांसाठी: साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गाड्या आहेत, परतीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

कळशी
ठरलं. येत्या शनिवारी. सात वाजता निघणार, लिंबची विहीर, मग थेट औंध. डबा घेतेय. फोन केला, शनिवारी उघडं आहे. वही दोन, पेन्सिली चार (धाकटा एक चावून खातो). स्टूल शेजाऱ्यांकडून आणलं. वृत्तांत टाकते.

---

कळशी
वृत्तांत. नियोजनाचा पहिला चुराडा लिंबच्या आधीच झाला. डबा घरीच, ओट्यावर, झाकण लावून तयार. हे मला खंबाटकी ओलांडल्यावर आठवलं. मग हायवेवरच्या एका हॉटेलात (नाव घेत नाही) मिसळ सांगितली, ती पाऊण तासानं आली. त्यात फरसाण शोधावं लागलं. नवरा म्हणाला, "सज्जनगड झाला असता एवढ्या वेळात." मी काही बोलले नाही.

विहीर मात्र! मुलगा वाकून बघतोय, मी त्याची पँट मागनं धरून उभी. आई काठावर बसली आणि खाली आम्ही हाक मारली की वरून ओ द्यायची. तिचा आवाज फिरून खाली यायचा. दहा वेळा केलं. तिथंच अकरा वाजले.

औंधला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. गाडी वरपर्यंत गेली, त्याबद्दल माणदेशी दादांना दंडवत. रेघोट्यांनी सांगितल्यासारखी पहिली फेरी न थांबता मारायची होती. मी, नवरा आणि मुलगी निघालो. आई आमच्याबरोबर नव्हतीच. दारातूनच ती तिथल्या माणसाला "हस्तिदंत कुठंय?" विचारून सरळ तिकडं गेली होती.

आम्ही परत आलो तेव्हा ती काचेपासून हातभर लांब उभी होती. स्टूल जवळ उघडून ठेवलेलं, बसली नव्हती. मी म्हटलं, जवळ जा की. तर म्हणाली, "नको, कान पिरगळतील."

हस्तिदंताचं काम मी आजवर नीट बघितलंच नव्हतं. जाळी इतकी बारीक की मागचं कापड तिच्यातून दिसत होतं. मधल्या आकृत्यांच्या बोटांची नखंसुद्धा वेगळी. आई म्हणाली, बाबांना लहानपणी वाटायचं हे साखरेचं आहे, म्हणून नाक लावलं. हे तिनं आजवर कधीच सांगितलं नव्हतं. बहुतेक तिलाही तिथंच आठवलं.

मुलगी सैरंध्रीपुढं पाऊण तास. वहीत दोन हात काढलेत, एक बरा जमलाय. गोष्ट मी गाडीत सांगितली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सुदेष्णा पण राणीच होती ना, मग भावाला नाही का म्हणाली नाही?" मला उत्तर देता आलं नाही. पाटीपेन्सिल, तुम्ही द्या.

धाकट्यानं अकरा हत्ती शोधले. त्यातले दोन घोडे असावेत. मूरच्या शिल्पापाशी मी ठरल्याप्रमाणे विचारलं, यातली आई कोण? "ही." कशावरून? "ती धरलंय तिनं." आणि पुढच्या हत्तीकडं पळाला.

मूळपीठावर गेलो. वरून सगळा मुलूख दिसतो, उघडा, पिवळा. आईनं हात जोडले आणि आटपाडी कुठल्या बाजूला म्हणून विचारलं. तिथल्या एका आजोबांनी बोट दाखवलं. आई बराच वेळ तिकडं बघत होती. दिसत तर काहीच नव्हतं.

रेघोट्या
"ती धरलंय तिनं." आमच्या सरांना हे सांगायला हवं होतं.

पाटीपेन्सिल
लेकीला सांगा, सुदेष्णा भावापुढं नमली. पण प्रश्न तिचा बरोबर आहे. विराटपर्व पुन्हा काढून बसतो.

उंटावरचा शहाणा
ते सगळं सोडा, ११ हत्ती आणि दोन घोडे की ९ हत्ती आणि दोन घोडे?

कळशी
९ आणि २. वही समोर आहे.

माणदेशी गडी
झ्याक झालं. परतीला रहिमतपूरचाच रस्ता धरला का?

कळशी
नाही ना. बोलण्याच्या नादात पुसेसावळीकडं लागलो, मसूर-उंब्रज करत हायवेला आलो. घरी पोचायला साडेदहा. डबा अजून ओट्यावरच होता. धपाटी चांगली होती, दह्याचं मात्र काही खरं नव्हतं.